पोथीचा ठावठिकाणा

लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत ‘विजापूर संग्रह’ या नावाने ओळखली जाणारी चारशेच्या वर हस्तलिखितं आहेत. बहुतेक अरबी. व्याकरण, तर्कशास्त्र, धर्मशास्त्र, हदीस, सूफी विचार असे त्यांचे विषय, आणि अनेकांवर आदिलशाही कुतुबखान्याच्या, म्हणजे ग्रंथालयाच्या, मोहरा. १६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूर जिंकलं. त्या धामधुमीतून जे ग्रंथ वाचले, ते आसार महालात पैगंबरांच्या पवित्र अवशेषांच्या आश्रयाने पडून राहिले. १८१८ नंतर विजापूर सातारच्या छत्रपतींच्या मुलखात आलं, १८४८ मध्ये सातारा खालसा झाला आणि पाच वर्षांनी, १८५३ मध्ये, ही पुस्तकं ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधल्या ग्रंथालयाकडे रवाना झाली. ऑटो लोट या जर्मन विद्वानाने १८७७ मध्ये इंडिया ऑफिसमधल्या अरबी हस्तलिखितांची सूची छापली, तीत त्यांचं वर्णन आलं. दख्खनमध्ये कोणती विद्या शिकली-शिकवली जात होती याचा शोध घेणाऱ्याला आजही या सूचीपासूनच सुरुवात करावी लागते.

सुलतानांनी जमवलं, लढाईने विस्कटलं, श्रद्धास्थानाने सांभाळलं, परक्या सरकारने उचललं आणि परक्याच अभ्यासकाने वाचून नोंदवलं. इस्लामी हस्तलिखितांच्या संग्रहाची आणि अभ्यासाची कहाणी जगभर थोड्याफार फरकाने अशीच आहे. ती नीट पाहिली की एक गोष्ट मनात पक्की होते: पोथीत काय लिहिलंय हे जितकं मोलाचं, तितकंच ती कुठे होती, कोणाकोणाच्या हातून गेली हेही मोलाचं. संग्राहकांनी हे दुसरं ज्ञान कधी जिवापाड जपलं आणि कधी दोन पैशांसाठी कायमचं पुसून टाकलं.

आधी विषयाचा आवाका. इस्लामी हस्तलिखित म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कुराण येतं. पण अरबी, फार्सी, तुर्की, उर्दू, दखनी या भाषांत मुस्लिम राजवटींच्या छायेत जे काही हाताने लिहिलं गेलं ते सगळं या नावाखाली येतं, मग लिहिणारा कोणत्याही धर्माचा असो. औरंगजेबाच्या दख्खन मोहिमांचा अत्यंत प्रामाणिक वृत्तान्त ज्याने फार्सीत लिहिला, तो भीमसेन सक्सेना बऱ्हाणपुरात जन्मलेला आणि औरंगाबादेत वाढलेला कायस्थ होता. अली आदिलशहाच्या काळात, १५७० मध्ये, विजापुरात सिद्ध झालेला ‘नुजूम अल्-उलूम’ हा सचित्र ग्रंथ आता डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. ग्रहनक्षत्रं, हत्ती-घोडे, शस्त्रं यांच्याबरोबर त्यात योगिनींसारख्या देवतांचीही चित्रं आहेत. वैद्यक, संगीत, अश्वपरीक्षा, पत्रलेखनाचे नमुने, जमाखर्च, सगळं या दालनात येतं. त्याला निव्वळ धार्मिक वाङ्मय समजल्यामुळे आपल्याकडे त्याची बरीच हेळसांड झाली.

एखादी पोथी प्रत्यक्ष हातात आली तर काय दिसतं? पुठ्ठ्याच्या डाव्या कडेला चामड्याचा पाकळीसारखा पदर असतो, तो पुस्तकाच्या कडेवरून वळून मुखपृष्ठाखाली सरकतो. कागदाला खळ लावून अकीकाच्या दगडाने घोटलेला असतो, म्हणून बोरू अडखळत नाही. दख्खनमधली प्रत असेल तर कागद दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यातला असू शकतो. आपल्या मोडी दफ्तरांतही तोच दौलताबादी कागद भेटतो. ओळी सरळ याव्यात म्हणून पुठ्ठ्यावर दोरे ताणून बसवलेले असत. त्यावर कागद दाबला की सहज न दिसणाऱ्या रेघा उठत, आणि तिरप्या उजेडात त्या आजही बोटांना आणि डोळ्यांना कळतात. काजळीची शाई शतकानुशतकं काळीभोर राहते, पण ओल लागली की पसरते. जंगालाचा, म्हणजे तांब्याच्या गंजाचा, हिरवा रंग उलट कागदच खातो. चित्राभोवतीची चौकट त्या रंगाने आखली असेल तर काही काळाने चित्र चौकटीसकट सुटून येतं. पहिल्या पानावर कधी ‘या कबीकज’ असे शब्द दिसतात. कसर आणि वाळवीपासून पुस्तक राखावं म्हणून कबीकज नावाच्या रक्षकाला केलेला तो धावा आहे. ज्या पानावर हा धावा आहे तेच पान पुष्कळदा किड्यांनी चाळणी केलेलं सापडतं.

अभ्यासकाचं लक्ष मात्र मजकुराच्या आधी जातं ते पहिल्या आणि शेवटच्या कोऱ्या पानांकडे. शेवटी कातिब, म्हणजे पोथी लिहिणारा लेखनिक, आपलं नाव, तारीख, गाव लिहितो. सुरुवातीला मालकांच्या मोहरा, वक्फ केल्याची नोंद, विकत घेतल्याची किंमत. मुघल बादशाही कुतुबखान्यात तर पुस्तकं ठरावीक काळाने तपासली जात आणि तपासनीस तारखेसह शेरा मारत. प्रतवारी लावून रुपयांत मोलही लिहीत. जॉन सायलर या अमेरिकन अभ्यासकाने १९९७ मध्ये या शेऱ्यांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातून बादशहांच्या दृष्टीने कोणत्या पुस्तकाची किती किंमत होती हे प्रथमच नेमकं कळलं. सुंदर अक्षराला सुंदर चित्रापेक्षा वरचं स्थान होतं, ही गोष्ट तिथे आकड्यांत दिसते. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ‘जफरनामा’ या तैमूरच्या चरित्राची एक प्रत आहे. ती हेरातच्या सुलतान हुसेन बायकरासाठी १४६७-६८ मध्ये शीर अली या कातिबाने लिहिली. तिच्यातली चित्रं थोर चित्रकार बिहजादची मानली जातात. पुढे ती मुघलांकडे आली आणि तिच्यावर जहांगीर आणि शाहजहान या दोघांच्या स्वतःच्या हातच्या नोंदी आहेत. ही एवढी दोन-तीन पानं कोणी फाडली असती, तर एक सुंदर पुस्तक उरलं असतं, पण हेरात ते आग्रा हा प्रवास नाहीसा झाला असता.

अरब जगात आणखी एक प्रथा होती. ग्रंथ गुरूसमोर वाचला जाई आणि वाचनाला कोण कोण हजर होतं, कोणत्या दिवशी, कोणत्या मशिदीत किंवा कोणाच्या घरी, याचा दाखला पोथीवरच लिहिला जाई. दमास्कसच्या हस्तलिखितांत असे हजारो दाखले आहेत. त्यांत विद्वानांबरोबर व्यापारी, कारागीर, बायका, लहान मुलं यांची नावं आहेत. कोनराड हिर्शलर या जर्मन इतिहासकाराने दमास्कसच्या अशरफिया ग्रंथालयाची तेराव्या शतकातली यादी आणि पंधराव्या शतकातल्या इब्न अब्द अल्-हादीचा खासगी संग्रह यांवर जे काम केलं, त्याने एका शहराचं वाचन डोळ्यांसमोर उभं राहतं. माझ्या मते गेल्या तीस-चाळीस वर्षांतली या क्षेत्रातली सर्वांत मोठी मजल हीच: अभ्यासकांची नजर मजकुरावरून पुस्तकाकडे आणि पुस्तकावरून वाचणाऱ्याकडे वळली.

त्याआधीचं शतक-दीड शतक सूच्यांचं होतं, आणि त्या कामाला कमी लेखण्याचं कारण नाही. मुळात ग्रंथसूची ही या परंपरेची स्वतःचीच देणगी. बगदादच्या इब्न अल्-नदीमने ९८७ च्या सुमारास ‘फिहरिस्त’ लिहून अरबीत उपलब्ध असलेल्या ग्रंथांची मोजदाद मांडली. पुस्तकांचा धंदा त्याच्या घरातच होता. युरोपात कार्ल ब्रोकेलमानने १८९८ पासून अरबी वाङ्मयाचा जो महाकोश रचला, त्यात कोणता ग्रंथ कोणत्या शहरात कोणत्या क्रमांकाखाली आहे हे दिलं. तुर्कस्तानच्या फुआत सेझगिनने १९६७ पासून त्याच्या पुढे जाणारे खंड काढले; फार्सीसाठी तेच काम स्टोरी या अभ्यासकाने केलं. एकेका माणसाने आयुष्य घालावं अशी ही कामं. अहमद झाकी यमानी यांनी लंडनमध्ये १९८८ मध्ये स्थापलेल्या अल्-फुरकान संस्थेने मग देशोदेशीच्या संग्रहांची पाहणी करून तिचे खंड प्रसिद्ध केले.

कुराणाच्या जुन्या प्रतींबद्दल वर्तमानपत्रांत अधूनमधून खळबळ उडते, म्हणून दोन शब्द. १९७२ मध्ये येमेनमधल्या सनाच्या थोरल्या मशिदीची दुरुस्ती चालू असताना छताच्या पोकळीत चर्मपत्रांचा ढीग सापडला. जीर्ण झालेली पवित्र पानं फेकायची नाहीत म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तिथे ठेवली गेली होती. त्यांत काही पानं अशी निघाली की जुना मजकूर धुऊन त्यावर पुन्हा कुराणच लिहिलं आहे, आणि खालचा मजकूर विशेष प्रकाशात वाचता येतो. बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या दोन पानांची गोष्ट २०१५ मध्ये गाजली. आल्बा फेदेली या संशोधिकेच्या लक्षात आलं होतं की एका प्रतीत चुकून दुसऱ्याच प्रतीची पानं बांधली गेली आहेत. कार्बन चाचणीत चर्मपत्राचा काळ ५६८ ते ६४५ असा आला. ही चाचणी जनावर कधी मेलं ते सांगते, लिहिलं कधी ते नव्हे. तरीही काळ फार जुना आहे यात शंका नाही. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे की त्याच प्रतीची आणखी पानं पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. कैरोजवळच्या फुस्तातमधल्या अम्र मशिदीतून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी एका फ्रेंच अधिकाऱ्याने जमवलेल्या पानांतली ती. एक पोथी, दोन देश, आणि त्यांचं नातं कळायला दोनशे वर्षं.

आता संग्राहकांकडे वळू. पाटण्याचे वकील खुदाबख्श यांना वडिलांकडून चौदाशे हस्तलिखितांचा वारसा मिळाला. मरताना वडिलांनी या संग्रहाचं सार्वजनिक ग्रंथालय करायचं वचन घेतलं होतं. खुदाबख्शांनी मुहम्मद मक्की नावाचा अरब ग्रंथशोधक महिना पन्नास रुपयांवर नेमला; तो कैरो, दमास्कस, बैरूत पालथी घालून पोथ्या आणत राहिला. १८९१ मध्ये सुमारे चार हजार हस्तलिखितांसह ग्रंथालय लोकांसाठी उघडलं तेव्हा वचन पुरं झालं. इतिहासकार जदुनाथ सरकारांनी १९०८ मध्ये त्यांच्यावर लेख लिहिला, म्हणून यातले बरेच तपशील आपल्याला माहीत आहेत. मुघल काळातली तैमूर घराण्याच्या इतिहासाची अनमोल सचित्र प्रत याच ग्रंथालयात आहे. १९६९ मध्ये संसदेने त्याला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरवलं. रामपूरच्या नवाबांचा संग्रहही असाच टिकला. दिल्लीच्या बादशाही कुतुबखान्याच्या वाट्याला हे भाग्य आलं नाही. १८५७ नंतर उरलंसुरलं ब्रिटिश सरकारने ताब्यात घेतलं आणि १८७६ मध्ये ते लंडनला गेलं. टिपूचा संग्रह श्रीरंगपट्टणच्या पाडावानंतर वाटला गेला. चार्ल्स स्ट्युअर्टने १८०९ मध्ये छापलेल्या सूचीमुळे निदान त्यात काय होतं ते तरी कळतं.

ही लूट झाली, पण तिच्यात पुस्तक बहुधा पुस्तक म्हणून राहिलं. विसाव्या शतकातल्या कलाबाजाराने त्याहून वाईट गोष्ट केली: पुस्तकं फोडली. पॅरिसचा व्यापारी जॉर्ज देमोत याच्या हाती ‘शाहनामा’ या फार्सी महाकाव्याची चौदाव्या शतकातल्या इराणी मंगोल दरबारातली भव्य प्रत लागली. अखंड पुस्तकाला हवी ती किंमत येईना म्हणून त्याने एकेक चित्र वेगळं करून विकलं. पानाच्या दोन्ही बाजूंना चित्रं असली तर तो कागद जाडीतून चिरून त्याची दोन पानं करी आणि कोऱ्या बाजूला दुसरीकडचा मजकूर चिकटवी. त्यामुळे आज त्या पानांवर चित्राशी संबंध नसलेला मजकूर दिसतो, आणि पुस्तकाची मूळ रचना जुळवायला विद्वानांच्या दोन पिढ्या खर्ची पडल्या.

इराणच्या शाह तहमास्पच्या ‘शाहनाम्या’ची कथा तर ऐकताना आजही राग येतो. तब्रीझच्या दरबारी चित्रशाळेत १५२० च्या दशकात सुरू झालेलं हे पुस्तक: ७५९ पानं, २५८ चित्रं. तहमास्पने ते १५६८ मध्ये उस्मानी सुलतान दुसऱ्या सेलीमला नजर केलं. इस्तंबूलच्या राजवाड्यात ते तीनशे वर्षं अभंग राहिलं. विसाव्या शतकाच्या आरंभी ते पॅरिसच्या एदमों द रॉथशिल्डकडे दिसतं आणि १९५९ मध्ये आर्थर हॉटन हा अमेरिकन उद्योगपती ते विकत घेतो. हॉटन हार्वर्डला ग्रंथालयाची इमारत देणारा, दुर्मिळ पुस्तकांचा जाणकार. त्यानेच ते सुटं केलं. १९७० मध्ये ७८ चित्रं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिली, १९७६ मध्ये लंडनच्या लिलावात सात पानं विकली, पुढे आणखी विकत गेला. त्याच्या मृत्यूनंतर उरलेला मजकूर, पुठ्ठा आणि ११८ चित्रं १९९४ मध्ये इराणला परत मिळाली. बदल्यात इराणने विलेम द कूनिंगचं ‘वुमन थ्री’ हे विसाव्या शतकातलं तैलचित्र दिलं, आणि ही देवाणघेवाण व्हिएन्नाच्या विमानतळावर झाली. बाजारात सुटलेल्या एकेका पानाची किंमत मात्र चढतच गेली: २०११ मध्ये एका पानाला ७४ लाख पौंड, २०२२ मध्ये दुसऱ्याला ८० लाखांच्या वर. ज्या कातिबाने आणि चित्रकारांनी पान उलटताना पुढे काय दिसेल याचा विचार करून पुस्तक घडवलं, त्यांच्या मेहनतीचा अर्थच या किमतीत हरवतो. हॉटनने संग्रहालयाला दान दिलं म्हणून त्याची बाजू घेणारे आहेत. मला ती बाजू घेववत नाही.

बाजार तेजीत आला की बनावटही आली. अमेरिकेतल्या सिन्सिनाटी संग्रहालयाकडे गेलेल्या एका ‘अकराव्या शतकातल्या’ सचित्र फार्सी ग्रंथाच्या रंगांत अठराव्या शतकात शोधला गेलेला प्रशियन निळा निघाला, तेव्हा मोठमोठ्या पंडितांना मान्यता मागे घ्यावी लागली. इस्तंबूलच्या दुकानांत जुन्या पानांवर नवी ‘शास्त्रज्ञांची’ चित्रं काढून विकतात आणि ती विज्ञानाच्या इतिहासावरच्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर जातात. राजस्थानात पर्यटकांना जुन्या उर्दू-फार्सी कागदांवर रंगवलेले हत्ती-घोडे आणि प्रेमी युगुलं मिळतात. तो कागद बहुधा कोणाच्या तरी दफ्तरातला किंवा पोथीतला असतो. हौसेने ते घेणाऱ्या मराठी मंडळींनी एकदा चित्राखालचं अक्षर कोणाकडून तरी वाचून घ्यावं.

जपणुकीचं उलट उदाहरण मुंबईत आहे, आणि ते मराठी वाचकांना फारसं माहीत नाही याचं मला नेहमी वाईट वाटतं. दहाव्या ते बाराव्या शतकांत इजिप्तवर राज्य केलेल्या, इस्माइली पंथाच्या फातिमी खलिफांचा ग्रंथसंग्रह त्या काळी जगात अग्रगण्य होता. सलाहुद्दीनने ११७१ मध्ये ती सत्ता संपवली आणि पुढे कित्येक वर्षं ती पुस्तकं विकली जात राहिली. इराणातल्या अलमूत किल्ल्यावर इस्माइलींचं दुसरं मोठं ग्रंथालय होतं. १२५६ मध्ये हुलागूच्या मंगोलांपुढे किल्ला पडला, तेव्हा इतिहासकार जुवैनीने तिथले कुराणाचे ग्रंथ आणि ज्योतिषाची यंत्रं बाजूला काढली आणि पाखंडी वाटलेलं बाकीचं जाळलं. हे त्याने स्वतःच नोंदवून ठेवलं आहे. त्यानंतर सातशे वर्षं इस्माइलींचा इतिहास त्यांच्या विरोधकांनी लिहिला, आणि युरोपात हशीश ओढणाऱ्या मारेकऱ्यांच्या दंतकथा खऱ्या म्हणून चालल्या.

मूळ ग्रंथ मात्र मेले नव्हते. त्यांच्या नकला येमेनला आणि तिथून गुजरातेत इस्माइली पंथाच्याच बोहरा समाजाकडे आल्या होत्या, आणि घराघरांत, दाईंच्या, म्हणजे धर्मप्रमुखांच्या, तिजोऱ्यांत अत्यंत गुप्ततेने जपल्या जात होत्या. १९३० च्या दशकात मुंबईत काही माणसं एकत्र आली. आसफ अली असगर फैजी: १८९९ मध्ये माथेरानला जन्मलेले, सुलेमानी बोहरा घराण्यातले, पुढे मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य आणि इजिप्तमध्ये भारताचे राजदूत. रशियन क्रांतीनंतर देश सोडून आलेले व्लादिमीर इव्हानोव्ह, ज्यांनी आधी कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीच्या फार्सी हस्तलिखितांच्या सूच्या केल्या होत्या. आणि घरचा संग्रह विद्वानांसाठी खुला करणारे हुसैन हमदानी. १९३३ मध्ये मुंबईत इस्लामिक रिसर्च असोसिएशन निघाली, त्याच वर्षी इव्हानोव्हची इस्माइली ग्रंथांची मार्गदर्शक सूची प्रसिद्ध झाली. फैजींनी फातिमी कायद्याचा पायाभूत ग्रंथ, काझी नुमानचा ‘दआइम अल्-इस्लाम’, हस्तलिखितं ताडून संपादित केला. तो कैरोत छापला गेला. ज्या शहरातून फातिमी खलिफांनी पुढे राज्य केलं, तिथेच. स्वतःचा संग्रह फैजींनी मुंबई विद्यापीठाला दिला आणि १९६५ मध्ये त्याची सूची प्रसिद्ध झाली. इस्माइली इतिहासाबद्दल आज जगाला जे विश्वसनीयपणे माहीत आहे त्याचा पाया मुंबईत घातला गेला.

मुंबईत त्याआधीही ही परंपरा होती. पारशी धर्मगुरू मुल्ला फिरोज लहानपणी वडिलांबरोबर इराणला गेले, अरबी-फार्सी आणि ज्योतिष शिकून परतले. १८३० मध्ये वारले तेव्हा त्यांनी मागे ठेवलेला संग्रह आता कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूटमध्ये आहे. त्याची सूची १८७३ मध्ये एडवर्ड रेहाट्सेक या मुंबईकर झालेल्या हंगेरियन विद्वानाने केली. विद्यापीठाच्या अरबी, फार्सी, उर्दू हस्तलिखितांची सूची प्रा. अब्दुल कादिर सरफराज यांनी १९३५ मध्ये छापली.

मराठ्यांच्या इतिहासाचा या सगळ्याशी असलेला संबंध तर रक्ताचा आहे. बखरींवर विसंबून चालणार नाही हे इतिहासकार राजवाड्यांनी शिकवलं, आणि समकालीन फार्सी कागद पाहिल्याशिवाय मोगल-मराठा झुंजीची दुसरी बाजू कळत नाही हे पुढच्या पिढीने ओळखलं. पनवेलला जन्मलेले गणेश हरी खरे पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात फार्सी कागद वाचायला बसले आणि १९३४ पासून त्यांनी ‘ऐतिहासिक फार्सी साहित्य’चे खंड काढले. सेतुमाधवराव पगडींनी मुघल इतिहासकारांना मराठीत आणलं. जदुनाथ सरकार जयपूर, लंडन, पॅरिस असे कुठून कुठून नकला आणवत आणि रियासतकार सरदेसाईंशी त्यांवर अखंड पत्रव्यवहार करत. भीमसेन सक्सेनाच्या वृत्तान्ताचं सरकारांनी केलेलं भाषांतर १९७२ मध्ये महाराष्ट्र सरकारच्या पुराभिलेख खात्याने छापलं. शिवाजी-संभाजी यांच्या काळाविषयी आज आपण जे बोलतो, त्यातला किती भाग या चार-पाच जणांच्या डोळ्यांनी वाचला गेलेला आहे याची आपल्याला जाणीवच नसते.

राजकीय इतिहासापलीकडेही बरंच आहे. खुलदाबादचे सूफी संत बुर्‌हानुद्दीन गरीब १३३७ मध्ये वारले. त्यांचे शिष्य काशानी बंधू यांनी त्यांच्या बैठकींतलं बोलणं लिहून ठेवलं. कार्ल अर्न्स्ट यांनी १९९२ मध्ये खुलदाबादवर पुस्तक लिहिलं, ते अशा हस्तलिखितांच्या जोरावर. औरंगाबादच्या पाणचक्कीचे बाबा शाह मुसाफिर यांच्या आठवणींचा फार्सी ग्रंथ सायमन डिग्बी यांनी इंग्रजीत आणला. त्यात मोगल छावणीतले सैनिक, फकीर, त्यांची भांडणं, आजारपणं, उधारी हे सगळं इतकं जिवंत आहे की सतराव्या-अठराव्या शतकातल्या औरंगाबादेची गल्ली डोळ्यांसमोर उभी राहते. मराठीत हा ग्रंथ मूळ फार्सीवरून आणायला हवा.

नाशाची बाजू थोडक्यात सांगतो, कारण ती सांगताना फार त्रास होतो. १७ मे १९९२ रोजी सारायेव्होची प्राच्यविद्या संस्था तोफगोळ्यांनी पेटवली गेली आणि पाच हजारांच्या वर हस्तलिखितं एका दिवसात गेली. २००३ मध्ये बगदादच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आगी लागल्या. २०१२ मध्ये मालीतलं टिंबक्टू जिहादी टोळ्यांनी घेतलं, तेव्हा अब्देल कादर हैदरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पत्र्याच्या पेट्यांत भरून, गाड्यांतून आणि नदीतून होड्यांनी, प्रचंड संख्येने हस्तलिखितं राजधानी बामाकोला हलवली. मागे राहिलेल्यांपैकी काही हजार पळून जाणाऱ्या टोळ्यांनी जाळली. ही माणसं स्वतःच्या घरातल्या पोथ्या वाचवत होती. 

डिजिटल प्रती हा यावरचा उपाय म्हणून पुढे येतो आणि त्याचा उपयोग निर्विवाद आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटाचं बेनेडिक्टाइन मठाचं ग्रंथालय टिंबक्टूपासून जेरुसलेमपर्यंत स्थानिक लोकांना कॅमेरे आणि प्रशिक्षण देतं, मूळ पोथी जिथली तिथेच ठेवतं. ही पद्धत मला सर्वांत न्याय्य वाटते. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिची स्कॅन केलेली हस्तलिखितं दीर्घ काळ जगाला दिसेनाशी झाली. शिवाय कॅमेरा बहुधा मजकुराची पानं टिपतो. कागदाचा पोत, दोऱ्यांच्या रेघा, शिवण, पुठ्ठ्याच्या आतल्या थरात दडलेले जुने कागद, हे चित्रात येत नाही.

आपल्याकडे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने पंचाहत्तर वर्षांहून जुनं, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचं हस्तलिखित देशाबाहेर नेता येत नाही. २००३ मध्ये राष्ट्रीय हस्तलिखित अभियान निघालं आणि २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ‘ज्ञान भारतम्’ या नावाने एक कोटीहून अधिक हस्तलिखितांच्या सर्वेक्षणाची घोषणा झाली. मराठवाड्यातल्या दर्ग्यांत, काझी आणि खादिम घराण्यांत, जुन्या मदरशांत ज्या पोथ्या आहेत त्यांच्यापर्यंत हे सर्वेक्षण पोचायचं असेल तर दोन गोष्टी कराव्या लागतील. एक म्हणजे तिथे जाणाऱ्या पथकात मदरशात शिकलेला, अरबी-फार्सी अक्षर सरावाने वाचणारा माणूस इतिहासाच्या विद्यार्थ्याच्या जोडीला हवा. शिकस्ता या घाईच्या वळणाच्या लिपीतला एक शेरा वाचायला विद्यापीठाच्या पदवीपेक्षा तो सराव अधिक कामी येतो, आणि घरातला वडीलधारा माणूस पेटी उघडतो तीही ओळखीच्या माणसासमोरच. दुसरं म्हणजे नोंदीच्या तक्त्यात ग्रंथाचं नाव, विषय, पानं यांच्याबरोबर मोहरा, मालकीचे शेरे, वक्फ, किंमत, पोथी त्या घरात कुठून आली, या सगळ्यांना स्वतंत्र रकाने हवेत. पहिल्या आणि शेवटच्या कोऱ्या पानांचं छायाचित्र सक्तीचं असावं, आणि पोथी त्या घरातून हलवण्याची अट मात्र कुठेही असू नये.